वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी



कोर्टाच्या आवारातले एक दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सकाळी दोन वकील न्यायाधीशांसमोर उभे राहतात आणि धुऱ्याच्या वादावरून एकमेकांवर असे तुटून पडतात की, आता यांचे बोलणे जन्मभर बंद होणार असे वाटावे. अर्ध्या तासाने तेच दोघे फाटकाजवळच्या टपरीवर एकाच बाकावर बसून चहा पिताना दिसतात. आमचा कास्तकार हे पाहतो, मनात चरकतो, आणि गावी येऊन पारावर सांगतो, "आपला वकील फुटला बाप्पा!"

फुटला असेलच असे नाही. बहुधा फुटलेला नसतोच. वकिलाचे भांडण हे अशिलाच्या वतीने केलेले भांडण असते. ते त्याच्या घरचे वैर नव्हे. पण ही शंका नुसती अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. वकील नेमका कोणाचा, तो आपल्याशी कोणत्या बंधनाने बांधलेला आहे, आणि ते बंधन त्याने मोडले तर आपण जायचे कोठे, हे आपल्याला कोणी सांगितलेलेच नसते. शाळेत आपण नागरिकशास्त्र शिकवतो, त्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कोण नेमतो ते असते. वकीलपत्रावर अंगठा उमटवणाऱ्या माणसाने काय विचारावे, ते नसते.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. पूर्वी जिल्हा न्यायालयाच्या कामासाठी आपली माणसे अकोल्याची वाट धरत. आता ते काम वाशीमला होते, आणि त्यावरचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जाते. कोर्ट जवळ आले ही चांगलीच गोष्ट झाली. पण कोर्ट जवळ आले म्हणून कोर्टाची रीत ओळखीची झाली असे नाही. वाटण्या, धुरे, भूसंपादनाचा मोबदला, अपघाताची भरपाई, पोटगी असल्या कामांसाठी माणूस कोर्टात येतो, तेव्हा त्याच्या हातात सातबाऱ्याचा उतारा असतो आणि डोक्यात गोंधळ. त्या गोंधळात त्याचा पहिला आधार वकील.

हा वकील म्हणजे नुसता कायदा शिकलेला माणूस नव्हे. त्याच्यापाशी सनद असते. १९६१ साली संसदेने वकिलांचा कायदा केला, त्यानुसार राज्याराज्यांत वकील परिषदा आहेत आणि त्यांच्यावर अखिल भारतीय वकील परिषद आहे. आपल्याकडची परिषद महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच आहे. कोणत्या तरी राज्याच्या परिषदेच्या पटावर नाव असल्याशिवाय वकिली करता येत नाही. अखिल भारतीय परिषदेने वकिलांच्या वर्तनाचे नियम घालून दिले आहेत. न्यायालयाशी, अशिलाशी, समोरच्या पक्षकाराशी आणि आपल्या व्यवसायबंधूंशी कसे वागावे, असे त्या नियमांचे चार भाग पडतात. यातले पहिले नाव न्यायालयाचे आहे, हे ध्यानात ठेवा. वकील आपला असतो, पण तो सर्वस्वी आपलाच नसतो. आपण सांगू ते खोटे तो कोर्टापुढे मांडू शकत नाही. अशिलाने साक्षीदार पढवला, बनावट पावती आणली, तर त्याला अडवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. नियमांचा रोख असा की, वकिलाने अशिलाच्या हातातली पुंगी होऊ नये, स्वतःची विवेकबुद्धी वापरावी. जो वकील तुमची खोटी पावती परत करतो, तो तुमचा शत्रू नाही. उलट ती पावती उलटतपासणीत उघडी पडली असती तर तुमचा खरा मुद्दाही बुडाला असता.

आता एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ज्याने गुन्हा केला हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्याचे वकीलपत्र भला माणूस घेतो तरी कसा?

याला उत्तर म्हणून इतिहासातली एक हकीकत सांगतो. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा त्यांना जामीन मिळावा म्हणून उच्च न्यायालयात बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले होते. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो जामीन मंजूर केला. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी दावर न्यायासनावर होते. टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जीना यांनी अर्ज केला, तो न्यायमूर्ती दावरांनी फेटाळला, आणि पुढे टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली ती याच दावरांनी. त्या शिक्षेबद्दल महाराष्ट्राने त्यांना क्षमा केली नाही, आणि का करावी? पण आपल्या विषयापुरते त्यातून एवढे घ्यायचे की, वकील म्हणून केलेला युक्तिवाद हे त्या माणसाचे स्वतःचे मत नसते. तो दुसऱ्याची बाजू मांडण्यासाठी उभा असतो, आणि ती पूर्ण ताकदीने मांडणे हाच त्याचा धर्म असतो.

नियम असा आहे की, वकील ज्या कोर्टात काम करतो तेथले प्रकरण त्याच्याकडे आले आणि त्याच्या योग्यतेप्रमाणे फी मिळत असली, तर विशेष कारणावाचून त्याने ते नाकारू नये. लोकांना ते रुचते की नाही, हा प्रश्न त्यात येत नाही. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा संततिनियमनाचे नाव काढणेसुद्धा पापात जमा होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. पण आज त्या खटल्याची आठवण निघते ती निकालासाठी निघत नाही, वकिलासाठी निघते.

याहून कठीण कसोटी २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर लागली. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव मुंबईत दंडाधिकारी न्यायालयांतल्या वकिलांच्या संघटनेने केला होता. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. आपल्यापैकी कोणाचे रक्त तापले नव्हते? पण कोर्टाने त्याला वकील नेमून दिला, सर्वोच्च न्यायालयातही राजू रामचंद्रन यांनी न्यायालयाच्या नेमणुकीवरून त्याची बाजू मांडली, आणि सगळे पुरावे तावूनसुलाखून झाल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला त्याला फाशी झाली. मधल्या काळात, डिसेंबर २०१० मध्ये, तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की, अमक्याचा खटला कोणीही चालवू नये असे वकीलसंघांचे ठराव रद्दबातल आहेत. माझ्या मते या सबंध प्रकरणात आपल्या देशाची इभ्रत राखली ती त्या नेमलेल्या वकिलांनी. वकिलावाचून दिलेली फाशी जगाने न्याय म्हणून मानली नसती.

फौजदारी खटल्याचे राहू द्या. आपल्या बहुतेकांचा संबंध येतो तो पैशाशी. म्हणून फीच्या गोष्टीवर जरा सविस्तर बोलतो.

समृद्धी महामार्ग आपल्या मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून गेला. तलाव आणि प्रकल्प तर गावोगाव झाले. जमीन गेली की मोबदल्याचा प्रश्न येतो, मोबदला कमी वाटला की कोर्ट येते, आणि कोर्टापाठोपाठ एक बोलणे कानावर येते, "आता एक पैसा देऊ नका काका, वाढीव रक्कम आली की त्यात निम्मे तुमचे, निम्मे आमचे." ऐकायला किती गोड! घरात बी-बियाण्याला पैसा नाही, अशा माणसाला हे देवाने धाडल्यासारखे वाटते. पण निकालावर अवलंबून फी ठरवणे, किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेण्याचे कबूल करणे, वकिलाला नियमाने मना आहे.

यावरचे प्रकरण आपल्या मुंबईचेच आहे. एका वरिष्ठ वकिलाने अशिलाशी लेखी करार केला की, दाव्यात जे वसूल होईल त्यातला अर्धा वाटा आपला. उच्च न्यायालयाने त्याची सनद काही काळासाठी निलंबित केली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५४ साली तेथेही हरला. निकालपत्रात त्याचे नाव छापलेले नाही, नुसते 'जी' हे अक्षर आहे. त्या निकालातला बारकावा पाहण्यासारखा आहे. असा करार दोन साध्या माणसांनी केला तर आपल्या देशात तो बेकायदा ठरेलच असे नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण वकिलाला साध्या माणसाचे माप लावता येत नाही, त्याचे माप त्याहून वरचे आहे. कारण काय? निकालात ज्याचा वाटा आहे, त्याला निकालाचा लोभ सुटतो. मग अशिलाला तडजोड परवडत असली तरी वकिलाला ती परवडत नाही. शिवाय ज्याचा अर्धा हिस्सा आहे तो खरे तर त्या दाव्यातला दुसरा वादीच झाला. त्याने न्यायालयाला तटस्थ मदत कशी करावी? याच कारणाने अशिलाची जी मालमत्ता त्याच दाव्याच्या हुकूमनाम्यात लिलावाला निघते, ती वकिलाला विकत घेता येत नाही, आणि दावा चालवण्यासाठी अशिलाला कर्जही देता येत नाही.

तेव्हा फी आधी ठरवा आणि कागदावर ठरवा. किती, कोणत्या टप्प्याला, त्यात मुद्रांक, नकला, टंकलेखन यांचा खर्च धरला आहे की वेगळा, हे विचारायला लाजू नका. दिलेल्या रकमेची पावती मागा. फी आणि खर्चासाठी दिलेली रक्कम यांचा वेगवेगळा हिशेब ठेवणे वकिलाला बंधनकारक आहे. तुमच्या वतीने कोर्टातून किंवा समोरच्याकडून पैसे आले, तर ते आल्याचे शक्य तितक्या लवकर तुम्हांला कळवायचे असते. काम संपल्यावर खर्चापोटी दिलेल्या रकमेतून काही उरले, तर त्यातून ठरलेली फी तो वळती करून घेऊ शकतो. हिशेब मात्र द्यावाच लागतो. आपली अडचण अशी की, आपण दुकानदाराकडे एक किलो साखरेची पावती मागतो आणि वकिलाकडे पंचवीस हजारांची मागत नाही. साहेब रागावतील म्हणतो. जे रागावतात, त्यांच्याकडे तर पावती जास्तच हवी.

फी राहिली म्हणून वकील कागद अडवून धरतो, ही तक्रारही ऐकू येते. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने फी थकली म्हणून बँकेच्या फायली परत करायला नकार दिला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००० साली निकाल लागला की, अशिलाच्या कागदांवर वकिलाचा असा हक्क नाही. फी राहिली असेल तर ती वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग आहेत, पण फाईल परत केलीच पाहिजे. दिवाणी दाव्यात कोर्टाच्या परवानगीने वकील बदलता येतो. तसाच वकिलानेही योग्य कारण आणि पुरेशी सूचना दिल्यावाचून मध्येच वकीलपत्र सोडू नये, आणि सोडलेच तर न केलेल्या कामाची फी परत करावी.

आता तुमचे गुपित. वकिलाला सांगितलेली गोष्ट तुमच्या संमतीवाचून त्याला उघड करता येत नाही, वकीलपत्र संपल्यानंतरही नाही. हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. एका बाजूला सल्ला दिलेला वकील त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभा राहू शकत नाही, तेही याच कारणाने. म्हणून वकिलापासून काही लपवू नका. आपल्याकडे उलटे चालते. पारावर सगळे सांगतो आणि वकिलाला निम्मेच. मात्र या संरक्षणाला मर्यादा आहे. पुढे करायच्या बेकायदा कृत्यासाठी सल्ला विचारलात, तर ते बोलणे गुपित राहत नाही.

आणखी एक जात कोर्टाच्या दारात भेटते, ती म्हणजे दलाल. "कोणत्या गावचे? काय काम? चला, आपले वकीलसाहेब आहेत, न्यायाधीशांशी त्यांची चांगली ओळख आहे." ओळखीचे हे वाक्य जो उच्चारील त्याच्यापासून चार हात दूर राहा. न्यायाधीश वकिलाचा बाप, भाऊ, मुलगा असा जवळचा नातलग असेल, तर त्याच्यापुढे त्या वकिलाने उभेच राहायचे नाही असा नियम आहे, मग 'ओळख' कशी विकता येईल? दलालांचा उपद्रव जुना आहे. १८७९ च्या कायद्यात त्यांची यादी करून कोर्टात लावण्याची तरतूद होती. २०२३ च्या दुरुस्तीने तो जुना कायदा गेला, पण दलालांविषयीची तरतूद वकिलांच्या कायद्यात घेतली गेली. यादीत नाव लागलेला माणूस दलाली करताना सापडला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपयांत आज काय होते, हे वेगळे सांगायला नको.

आणि वकील स्वतःच दलालासारखा वागला तर? मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांच्या दाराशी काही वकील येणाऱ्या पक्षकारावर अक्षरशः झडप घालत, कागद हिसकावत, फी पाडून बोलत, आपसांत धक्काबुक्कीही करत. महाराष्ट्राच्या वकील परिषदेने त्यांच्यावर कारवाई केली. अखिल भारतीय परिषदेच्या समितीने नियमाचा संकुचित अर्थ लावून त्यांना सोडले. तेव्हा राज्याची परिषद सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १९७५ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा वागण्याला गैरवर्तनच ठरवले. वकिली हा बाजार नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. वकिलाने जाहिरात करू नये हा नियम अजून आहे. २००८ पासून मात्र आपले नाव, पत्ता, शिक्षण अशी ठरावीक माहिती संकेतस्थळावर देता येते. मला हा नियम थोडा आणखी सैल व्हावा असे वाटते. खेड्यातल्या माणसाला कोणता वकील कोणत्या कामात मुरलेला आहे, हे कळायला दुसरे साधन नसल्यामुळेच तो दलालाच्या हाती सापडतो.

आता तक्रारीचे. आधी हे समजून घ्या की, दावा हरणे म्हणजे वकिलाचे गैरवर्तन नव्हे. दोघांपैकी एक हरणारच. युक्तिवाद कमी पडला, कायद्याचा अर्थ वेगळा लावला गेला, यालाही गैरवर्तन म्हणत नाहीत. पण दाव्याचे पैसे घेऊन दावा दाखलच न करणे, आणि "चालू आहे, तारीख पडली" असे सांगत राहणे, हे गैरवर्तन आहे. मद्रासकडच्या एका वृद्ध, ठार बहिऱ्या माणसाने वचनचिठ्ठ्यांवरील वसुलीचे दोन दावे एका वकिलाकडे सोपवले होते. दावे वेळेत दाखल झाले नाहीत आणि मुदत टळली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलाचा दोष कायम केला. मुदत टळली की खरा हक्कसुद्धा कोर्टात चालत नाही, म्हणून हा अपराध लहान नाही. दाव्याचा क्रमांक आणि पुढची तारीख स्वतःजवळ लिहून ठेवा. हल्ली कोर्टाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती मोबाईलवरसुद्धा दिसते. गावातल्या शिक्षकाने दोन-चार अशिलांना एवढे बघून दिले, तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

तक्रार लेखी करायची ती राज्याच्या वकील परिषदेकडे. तिची शिस्तपालन समिती तिघांची असते आणि तिला दिवाणी कोर्टासारखे साक्षीदार बोलावण्याचे अधिकार असतात. दोष सिद्ध झाला तर समज देणे, ठरावीक काळ सनद निलंबित करणे किंवा पटावरून नाव काढून टाकणे, या शिक्षा आहेत. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत अखिल भारतीय परिषदेकडे आणि तेथून पुन्हा साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होते. राज्याच्या परिषदेत वर्षभरात निकाल झाला नाही, तर प्रकरण अखिल भारतीय परिषदेकडे जाते. या समित्यांवर सगळे वकीलच असतात. वकिलांचा न्याय वकिलांनीच करावा ही रीत मला पूर्णपणे पटत नाही. समितीत एखादा बाहेरचा माणूस असता तर लोकांचा विश्वास वाढला असता. पण आज मार्ग हाच आहे. ग्राहक मंचाचा मार्ग मोकळा आहे अशी काहींची समजूत आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. नुकसान भरून मागायचे असेल तर साधा दिवाणी दावा लावावा लागतो.

ज्याच्यापाशी वकिलाला द्यायला पैसाच नाही, त्याच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, कोठडीतली माणसे आणि ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले कोणीही, यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटच नाही. अर्ज वाशीमच्या जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. अशा रीतीने मिळालेल्या वकिलाचे मानधन प्राधिकरण देते, आणि त्याने अशिलाकडून एक पैसाही मागायचा नसतो. मागितला, तर त्याच कचेरीत लेखी सांगावे, वकील बदलून मिळतो.